जुन्या एसयूव्हीचा एअर फिल्टर: निवड, जोडणी आणि धुळीच्या चोरवाटा

जुना फिल्टर बाहेर काढलात की आधी त्याच्याकडे बघू नका. डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात, म्हणजे फिल्टरच्या पुढच्या स्वच्छ बाजूला, बोटाला पांढरे फडके गुंडाळून आतून फिरवा. फडक्यावर काळसर ओशटपणा आला तर घाबरायचे कारण नाही. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पोटाच्या) ब्रीदरमधून, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, येणारी तेलाची वाफ तिथे थोडीफार साचतेच. पण तो ओशटपणा दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागली, तर धूळ फिल्टरला वळसा घालून आत शिरते आहे. ती वाट बंद केल्याशिवाय कितीही भारी फिल्टर आणलात तरी पैसे वाया.

पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गाडीत बहुतेक वेळा हीच गत असते. फिल्टरची सगळी चर्चा कागद चांगला की कापूस यावर रंगते, आणि धूळ मात्र वाकलेल्या झाकणातून, चिरलेल्या बेलोजमधून (वळ्यांच्या रबरी होजमधून), ढिल्या क्लिपखालून निवांत जात असते. म्हणून फिल्टर निवडताना पहिला प्रश्न सीलचा, दुसरा घड्यांच्या क्षेत्रफळाचा, आणि त्यानंतर कशापासून बनला आहे याचा.

धूळ एवढी का नडते? जमिनीवरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण भरपूर असतात आणि मोहस् मापावर क्वार्ट्झची कठीणता 7 भरते. डोळ्यांना दिसणारे खडे फिल्टर अडवतोच. खरी झीज साधारण 5 ते 20 मायक्रॉनच्या कणांनी होते, कारण पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या तेलाच्या थरात हे कण बरोबर मावतात आणि पॉलिश पेपरसारखे काम करतात. आधी टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची पुढची धार पातळ होते, मग ब्लो-बाय, म्हणजे रिंगच्या कडेने खाली गळणारा जळका वायू, वाढतो, मग तेल कमी होऊ लागते. आणि इंजिन हवा किती ओढते ते बघा. 2.5 लिटरचे फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरते, म्हणजे 3000 आरपीएमला मिनिटाला साधारण 3750 लिटर हवा. टर्बो 1 बार दाब देत असेल तर आकडा दुपटीच्या आसपास जातो. इतक्या ओढीपुढे बारीकशी फटही बारीक राहत नाही.

खरेदीआधीची तपासणी

बॉनेट उघडून बाहेरच्या टोकापासून इंजिनापर्यंत सगळा मार्ग हाताने चाचपत या.

स्नॉर्कल (हवा उंचावरून ओढणारी बाहेरची नळी) असेल तर फेंडरमधून आत येणारा सांधा बघा. पुष्कळ ठिकाणी तो नुसता दाबून बसवलेला असतो, सील केलेला नसतो. हा सांधा फिल्टरच्या आधी असल्याने तिथून शिरलेली धूळ फिल्टर अडवेल, पण पाण्यातून गाडी काढताना त्याच फटीतून पाणी ओढले गेले तर स्नॉर्कलचा सगळा उद्देशच संपला. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो.

डब्याच्या तळाला रबराची चपटी चोच असते, तो ड्रेन व्हॉल्व्ह. आतले पाणी आणि जाड धूळ खाली पडावी पण बाहेरचे काही आत येऊ नये, यासाठी ती चोच असते. जुन्या गाड्यांत ती कडक होऊन उघडी राहते किंवा कधीच गळून पडलेली असते. किरकोळ भाग आहे, पण नसला तर चाकांनी उडवलेली धूळ थेट डब्यात येते आणि फिल्टर निम्म्या काळात भरतो.

झाकण बसवून क्लिपा लावा आणि सांध्याच्या कडेने नजर फिरवा. प्लास्टिकचा डबा इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षांत वाकतो आणि दोन क्लिपांच्या मधला भाग पोट काढल्यासारखा वर येतो. अंदाज नको असेल तर कागदाची पट्टी सीलवर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. घट्ट राहिली तर सील दाबले जात आहे, सहज सरकली तर त्या जागी दाब नाही. संपूर्ण परिघावर आठ-दहा ठिकाणी हे करून बघा. डबा वाकला असेल तर जाड सीलचा फिल्टर घालून वेळ मारून नेण्यापेक्षा डबाच बदललेला बरा.

पुढची जागा बेलोजची. रबरी होजच्या वळ्या हाताने ताणून, वाकवून, खालच्या बाजूनेही बघा. भेगा वळ्यांच्या खोलगट भागात पडतात आणि होज आहे त्या जागी असताना मिटलेल्या राहतात. इंजिन लोडवर माउंटिंगवर कलले की त्या उघडतात. याच होजला ब्रीदरची बारीक नळी जोडलेली असते, तिची क्लिपही बघा. एमएएफ सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) खालचे ओ-रिंग कडक झाले असेल तर बदला. फिल्टरनंतर सापडलेली प्रत्येक भेग ही आधी दुरुस्त करायची गोष्ट. टेप गुंडाळून नव्हे, होज बदलून. तेलकट रबरावर टेप टिकत नाही.

ताकद किती वाढेल?

फिल्टरच्या अडथळ्याचे माप पाण्याच्या उंचीत घेतात. बहुतेक डिझेल इंजिनांना फिल्टर बदलायची खूण साधारण 25 इंच पाण्यावर, म्हणजे 6.2 किलोपास्कलवर असते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब 101 किलोपास्कल. याचा अर्थ फेकून द्यायच्या लायकीचा झालेला फिल्टरही हवेचा दाब 6 टक्क्यांच्या आसपासच घटवतो, आणि तेही पूर्ण लोडवर. आता समजा तुमच्या कागदी फिल्टरचा अडथळा 10 इंच आहे आणि जाहिरातीतल्या फिल्टरने तो 7 इंचांवर आणला. वाचले 3 इंच, म्हणजे पाऊण किलोपास्कल, एक टक्कासुद्धा नाही. सीटवर बसून हा फरक कुणाला कळत नाही. कळतो तो आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते आहे असे वाटते.

ॲव्हरेजचेही तेच. पेट्रोल इंजिनात अर्ध्या ॲक्सिलरेटरवर सगळ्यात मोठा अडथळा थ्रॉटलच, म्हणजे हवेची झडपच, असतो, त्यामुळे फिल्टर थोडा मोकळा केल्याने इंधन वाचत नाही. डिझेलमध्ये ताकद इंधनाच्या प्रमाणावर ठरते आणि हवा एरवी गरजेपेक्षा जास्तच असते. जुना फिल्टर खरोखर चोंदला असेल तर साधा नवा कागदी फिल्टरही काळा धूर कमी करतो आणि पिकअप परत आणतो.

म्हणून आधी अडथळा मोजा. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात बसणारा रिस्ट्रिक्शन इंडिकेटर मिळतो. त्यातली खूण सर्वांत जास्त आलेल्या अडथळ्यावर अडकून राहते आणि बटण दाबून परत शून्यावर येते. चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गाडी चालवायची, मग थांबून वाचायचे. आयडलवरच्या आकड्याला काही अर्थ नाही. नवा कागदी फिल्टर असताना आकडा 10 इंचांच्या आत येत असेल तर मोकळ्या फिल्टरच्या मागे लागू नका. नव्या फिल्टरवरही 18-20 दाखवत असेल तर अडचण बहुधा फिल्टरमध्ये नाही. आतल्या अस्तराचा थर सुटलेला होज, चेपलेला पाइप किंवा स्नॉर्कलच्या तोंडात अडकलेला पाला शोधा.

कागद, कापूस, फोम, ऑइल बाथ

धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीला आमची पहिली पसंती चांगल्या प्रतीच्या कोरड्या फिल्टरला, कागदी किंवा सिंथेटिक. कागदी फिल्टर 99 टक्क्यांहून जास्त धूळ अडवतो, आणि गंमत म्हणजे नवाकोरा असताना तो सर्वांत कमी अडवतो. वर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळणीचे काम करू लागतो. दर आठवड्याला हवा मारून फिल्टर चकाचक करणारे लोक हा थर उडवतात आणि इंजिनाचे नुकसान करतात. कागदाची उणीव पाण्याची. भिजला की फुगतो, घड्या एकमेकींना चिकटतात. सिंथेटिक माध्यम ओलावा जास्त सोसते.

तेल लावलेला कापसाचा फिल्टर मोकळा असतो आणि धुऊन पुन्हा वापरता येतो. त्याची धूळ अडवण्याची ताकद तेलावर अवलंबून आहे. तेल सुकले किंवा कुठे कमी लागले की तिथून बारीक धूळ सरळ पार. तेल जास्त झाले तर ते एमएएफ सेन्सरच्या तारेवर जाऊन बसते. ज्यांना तेल लावण्याचे काम नीट आणि वेळेवर करायचे आहे त्यांनीच हा घ्यावा. तेल लावलेला फोम जाड धुळीत चांगला टिकतो, पण वर्षांगणिक फोम ठिसूळ होतो. दाबल्यावर भुगा पडू लागला की तो टाकून द्या, नाहीतर तोच भुगा इंजिनात जाईल.

फार जुन्या डिझेल गाड्यांत ऑइल बाथ असतो. हवा तेलाच्या वाटीवरून वळते, जड कण तेलात पडतात, उरलेले ओल्या जाळीत अडकतात. आयडलवर हवेचा वेग कमी असल्याने धूळ नीट सुटी होत नाही, म्हणून हा कोरड्या फिल्टरपेक्षा कमी पडतो. वाटीत तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलेले तेल डिझेल इंजिनाने ओढले तर ते इंधनासारखे जळते, इंजिन रेस होत जाते आणि चावी काढूनही थांबत नाही. ऑइल बाथ काढून कोरडा फिल्टर बसवायचा असेल तर मोठा गोल डबा निवडा, ब्रीदरची जोडणी तशीच ठेवा, आणि डब्याला बॉडीवर स्वतःचा आधार द्या.

पाकिटावर आयएसओ 5011 चाचणीचे आकडे असतील तर वाचा. कार्यक्षमता, अडथळा आणि धूळ साठवण्याची क्षमता असे तीन आकडे त्यात मिळतात. फक्त हवेचा प्रवाह सांगणारी जाहिरात अर्धीच गोष्ट सांगते.

आकडे नसतील तर क्षेत्रफळ स्वतः काढा. घड्या मोजा, घडीची खोली आणि लांबी मोजा, आणि सगळे गुणून दुप्पट करा. 60 घड्या, खोली 5 सेंमी, लांबी 20 सेंमी म्हणजे 12000 चौरस सेंमी. त्याच मापाच्या स्वस्त फिल्टरमध्ये 40 घड्या निघाल्या तर क्षेत्रफळ 8000. तो लवकर भरणार आणि अडथळाही जास्त. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, टोकाशी डिंक पूर्ण भरला आहे का, तेही बघा. मग फिल्टरच्या आत दिवा धरून अंधारात न्याहाळा. घड्यांतून सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला तर ठीक, कुठे टिंबासारखा लख्ख उजेड आला तर भोक आहे.

सील मोजताना जुना मूळ फिल्टर शेजारी ठेवा. लांबी-रुंदी सगळेच बघतात, सीलची जाडी फार कमी लोक. मूळ सीलपेक्षा 1 ते 2 मिमी पातळ सील पुरेसे दाबले जात नाही आणि जास्त जाड असेल तर झाकणाच्या क्लिपा तुटतात. सील मऊ असावे, नखाने दाबल्यावर खळगा पडून परत भरून यावा.

उघडा कोन फिल्टर आणि त्याचे परिणाम

डबा काढून त्या जागी कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर लावण्याचे किट दिसायला छान. अडचण अशी की ते बॉनेटखालची गरम हवा ओढते. हवा दर 3 अंश सेल्सिअसला सुमारे 1 टक्का विरळ होते. बाहेरच्यापेक्षा 30 अंश गरम हवा म्हणजे जवळपास 9 टक्के कमी वजनाची हवा. फिल्टर मोकळा करून कमावलेला टक्का इथे कितीतरी पटींनी गेला. कोन लावायचाच असेल तर इंजिनाच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, त्याची वरची कड बॉनेटला रबरी पट्टीने टेकू द्या, आणि मूळ डब्याला येणारी थंड हवेची नळी त्या आडोशात सोडा. पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी मात्र कोन लावूच नये.

दुसरी भानगड एमएएफची. हा सेन्सर पाइपच्या एका बिंदूवर हवेचा वेग जोखतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पाइपचा मूळ व्यास गृहीत धरून एकूण हवा काढते. 70 मिमीच्या जागी 76 मिमीचा पाइप लावला तर क्षेत्रफळ 18 टक्के वाढते, वेग सुमारे 15 टक्के उतरतो, आणि ईसीयूला हवा कमी आल्यासारखे वाटते. मग पेट्रोल इंजिन लीन (हवेच्या मानाने कमी इंधनावर) चालते, डिझेल ताकद कापते किंवा ईजीआरचे, म्हणजे परत आत सोडल्या जाणाऱ्या धुराचे, प्रमाण बिघडते. म्हणून एमएएफचे मूळ घर, त्यातली जाळी आणि व्यास बदलू नका.

जोडणी

इंजिन थंड असू द्या, चावी काढून ठेवा. उघडण्याआधी डब्याच्या बाहेरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर झाकण उचलताना ती स्वच्छ बाजूलाच पडेल. एमएएफचा प्लग काढताना वायर ओढू नका. जुन्या प्लगची जीभ तुटते, तेव्हा ती दाबून धरून प्लगचे अंग ओढा.

फिल्टर काढल्यावर पुढच्या पाइपाचे तोंड मोठ्या स्वच्छ फडक्याने बंद करा. फडके मोठे हवे, अर्धे बाहेर लोंबणारे, म्हणजे ते आत विसरायची भीती नाही. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. एक वॉशर आत गेला तर टर्बो गेला. डबा आतून ओल्या फडक्याने पुसा, हवा मारू नका. सील टेकते ती खाच वेगळी पुसा, तिथे चिकटलेला जुन्या सीलचा तुकडा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा.

सपाट फिल्टर उलटा बसणार नाही याची खात्री करा. काही डब्यांत तो दोन्ही बाजूंनी बसतो, पण सील एकाच बाजूने पूर्ण टेकते. झाकणाच्या मागच्या कडेची नखे आधी खाचेत अडकवा, मग पुढच्या क्लिपा समोरासमोरच्या जोड्यांनी लावा. मागचे एखादे नख खाचेबाहेर राहणे ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पुढून सगळे घट्ट दिसते आणि मागे बोटभर फट असते. गोल फिल्टर विंग नटवर बसत असेल तर नटाखालचा रबरी वॉशर नवा घाला. तो चिरला असेल तर धूळ बोल्टच्या कडेने सरळ मधोमध उतरते. नट हातानेच आवळा, पान्ह्याने आवळला की पत्र्याचे झाकण वाकते.

कोन बसवताना त्याच्या तोंडाचा आतला व्यास पाइपाच्या बाहेरच्या व्यासाइतकाच हवा. 3-4 मिमी मोठे तोंड क्लिपने आवळून बसवले की रबराला चुणी पडते आणि त्या चुणीतून हवेला बोगदा मिळतो. घट्ट जात असेल तर साबणाचे पाणी लावा, ग्रीस किंवा तेल नको, त्याने तोंड पुढे घसरून निघते. क्लिप पाइपाच्या कडेपासून थोडी आत घ्या आणि रबर तिच्या खाचांतून वर येऊ लागण्याआधीच थांबा. फिल्टरचे वजन एमएएफच्या प्लास्टिकवर लटकू देऊ नका, ब्रॅकेट द्या. इंजिन लोडवर हलते, म्हणून हलणाऱ्या भागांपासून फिल्टर आणि पाइप निदान 25 मिमी दूर ठेवा. ब्रीदरची नळी नव्या पाइपाला जोडायला तोटी आहे का ते किट घेतानाच बघा. ती नळी तोंड उघडे ठेवून खाली सोडायची आणि पाइपाचे भोक तसेच ठेवायचे, म्हणजे इंजिनाला बिनफिल्टरची हवा पाजायची.

सांध्याला सीलंट लावण्याचा मोह टाळा. लावलेच तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन नको, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होऊ शकतो. शेवटी पाइपातले फडके काढा, एमएएफवरचा बाण इंजिनाकडे आहे ना बघा आणि प्लग लावा.

जोडल्यानंतर

स्वच्छ बाजूच्या पाइपात आतून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि धुळीच्या रस्त्यावर 50-100 किलोमीटर चालवा. मग ते ग्रीस बोटावर घेऊन चोळा. गुळगुळीत लागले तर जोडणी बरोबर. कचकचले तर डबा उघडा आणि सीलवर धुळीचा माग शोधा. धूळ जिथून आत गेली तिथे सीलवर तपकिरी रेघ उमटलेली असते. पेट्रोल गाडीत स्कॅनर असेल तर लाँग टर्म फ्युएल ट्रिमही (ईसीयू इंधनात करत असलेली कायमची दुरुस्ती) बघा. तो जोडणीआधीपेक्षा चढून अधिक 10 टक्क्यांच्या वर गेला तर एमएएफच्या पुढे कुठेतरी हवा गळते आहे.

चेक लाइट लागली किंवा पिकअप पडला, आणि फिल्टर तेलाचा असेल, तर पहिला संशय एमएएफवर घ्या. सेन्सर काढून एमएएफसाठीच मिळणारा स्प्रे मारा. ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर वापरू नका, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण सुकल्याशिवाय प्लग जोडू नका.

कापसाचा फिल्टर धुताना त्याचेच क्लीनर लावून दहा मिनिटे थांबा, सुकू देऊ नका, मग नळाच्या हलक्या धारेने आतून बाहेर धुवा. पेट्रोल, डिझेल किंवा उकळते पाणी नको. सावलीत आपोआप सुकू द्या, हवा किंवा हीटर मारल्याने जाळी फाटते आणि कापूस आक्रसतो. प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच रेघ ओढा, वीस मिनिटांनी बघा, पांढरे डाग राहिले असतील तिथेच थोडे आणखी. तेल जाळीतून ठिबकले म्हणजे जास्त झाले, रात्रभर कागदावर निथळू द्या.

कागदी फिल्टर धुवायचा नसतो. अडचणीच्या वेळी हवा मारावीच लागली तर दाब 2 बारच्या आत, नळी हातभर दूर, आणि आतून बाहेर. दगडावर किंवा टायरवर आपटू नका, कड वाकली की सील गेले. पुढच्या वेळी किलोमीटर मोजून नव्हे, इंडिकेटर 25 इंचांकडे सरकला की बदला. डबा उगाच उघडू नका, दर उघडण्यात थोडी धूळ स्वच्छ बाजूला सांडतेच.